लेकीचें नांव आणि सातबारा

खांबच्या नाक्यावर काय, कोलाडच्या बाजारांत काय, एक टोमणा ऐकूं येतो : "बापाच्या जोरावर लेक मंत्री झाली !" ह्या टोमण्याचा आज आम्ही थोडा समाचार घेणार आहों.

आपल्या रोहें तालुक्यांतील अदिती तटकरे २०१७ सालीं रायगड जिल्हा परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. २०१९ सालीं श्रीवर्धनमधून विधानसभेवर गेल्या व राज्यमंत्री झाल्या. जुलै २०२३ मध्यें त्यांना कॅबिनेट मंत्रिपद व महिला-बालविकास खातें मिळालें. २०२४ सालीं त्या पुन्हां निवडून आल्या. वडील सुनील तटकरे रायगडचे खासदार, हें खरेंच. पण बापाच्या गादीवर मुलगा बसला तर तो 'वारसदार', आणि मुलगी बसली तर 'बापाचा जोर', हा कोणता न्याय ? बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं पुरुषांच्या ह्याच दुटप्पीपणाला जाब विचारला होता. उत्तर अजून बाकी आहे.

मात्र एवढ्यावर थांबलों तर आम्ही घराण्यांचे भाट ठरूं. जिच्या मागें मोठें घर नाहीं त्या कुणब्याच्या, कोळ्याच्या, कुंभाराच्या लेकीनें विधानसभेची पायरी कशी चढावी ? २०१९ सालीं २८८ जागांवर अवघ्या २४ स्त्रिया निवडून आल्या. २०२४ सालीं त्याहूनही कमी. ग्रामपंचायतींत २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत. तेथें सरपंच बायको आणि शिक्का नवऱ्याच्या खिशांत, हा प्रकार कोणा भटजीनें शिकविला नाहीं. तो आपणच चालविला आहे!

मंत्र्यांच्या कामाचाही हिशेब झाला पाहिजे. २०२४ सालीं लाडकी बहीण योजनेनें दरमहा १५०० रुपये बाईच्या स्वतःच्या खात्यांत पडूं लागले. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नांवापुढें सरकारी कागदांत आईचें नांव आलें. ह्या दोन्ही गोष्टी चांगल्या. पण योजनेचे अर्ज भरतांना जिचे हात राबले, त्या अंगणवाडी सेविकेला ४ डिसेंबर २०२३ पासून महिन्याहून अधिक काळ संप करावा लागला होता, हेंही विसरतां येणार नाहीं.

आतां टोमणेवाल्यांना एकच सवाल. लेकीला वडिलार्जित जमिनींत मुलाइतका वाटा महाराष्ट्रानें १९९४ सालीं आणि साऱ्या देशानें २००५ सालीं दिला. मग भाऊबीजेला साडी नेसवून, पुढें दुय्यम निबंधकाकडे नेऊन, बहिणीकडून हक्कसोडपत्रावर अंगठा कोण घेतो ? भाताची लावणी तिनें करावी, कापणी तिनें करावी, आणि सातबाऱ्यावर नांव मात्र भावाचें !

जो घरांत लेकीला वाटा देत नाहीं, त्याला बाहेर लेकीचा जोर मोजण्याचा अधिकार नाहीं. आधीं बहिणीचें नांव सातबाऱ्यावर राहूं द्या. मग मंत्रीणबाईंना जाब विचारा, आणि अवश्य विचारा : पुढच्या निवडणुकींत तुमचा पक्ष मोठ्या घराबाहेरच्या किती बायांना तिकीट देणार ?