वर्दी अंगावर आली, माणूसपण आले का?

पहाटे साडेपाचला आजऱ्याबाहेर संकेश्वर-बांदा रस्त्यावर उभे राहिले की धुक्यातून आधी पावलांचा आवाज येतो आणि मग पोरे दिसतात. आमच्याच वस्त्यांतली पोरे. कुणाची आई काजूच्या कारखान्यात जाते, कुणाचा बाप दुसऱ्याच्या शेतात घनसाळ लावतो. पोरे सैन्यभरतीसाठी पळतात. रविवारी यांतलीच काही आमच्या अभ्यासवर्गाला येऊन बसतात. मागे त्यांतल्या एकाने विचारले, "दादा, १ जानेवारीला तुम्ही कोरेगावला सैनिकांना मानवंदना द्यायला जाता. आणि आम्ही भरतीला पळालो की म्हणता, नुसता पळू नको, वाच. त्यांनी वर्दी घातली तर अभिमान, आम्ही घातली तर उपदेश. असं का?"

प्रश्न बिनतोड होता. त्या दिवशी आम्हाला धड उत्तर देता आले नाही. ते आज देतो आहोत.

आधी नेहमीचा आरोप बाजूला करू. दरवर्षी जानेवारी आला की कुणीतरी म्हणतेच, महार इंग्रजांच्या बाजूने लढले, मग अभिमान कसला? १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला पेशव्यांच्या बाजूने अरब लढत होते, त्यांना कुणी देशाचा हिशेब विचारत नाही. कंपनीच्या पलटणीत नाना जातींचे लोक होते, त्यांनाही विचारत नाही. हिशेब मागितला जातो तो ज्याला पेशवाईत सावलीचीही बंदी होती त्याच्याकडून. विजयस्तंभावरच्या ४९ नावांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. ज्या देशाने माणूस मानले नाही त्या देशाशी निष्ठा कशी राखायची असते, हे आरोप करणाऱ्यांनी आधी सांगावे.

पण पोराचा प्रश्न याच्या पुढचा आहे. पिचलेल्या समाजाने बंदूक उचलली, रक्त सांडले, तर त्याला माणूस म्हणून जागा मिळते का? हा प्रश्न जगात आपल्याआधीही विचारला गेला आहे. त्यासाठी अमेरिकेच्या यादवी युद्धाकडे बघू.

आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचे पीक कुजत गेले. सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि रोगराईने मेली, त्याहून अधिक देश सोडून गेली. इंग्रज जमीनदारांच्या राज्यात त्याच काळात आयर्लंडचे धान्य बाहेर जातच होते. जे अमेरिकेला पोहोचले त्यांना तिथे गोदीतली हमाली, कालव्याची खोदाई आणि घरकाम मिळाले. आयरिश माणसाने अर्ज करू नये, अशा नोकरीच्या जाहिराती निघत. १८६१ मध्ये उत्तर आणि दक्षिण यांच्यात युद्ध पेटले तेव्हा आयर्लंडमध्ये जन्मलेले सुमारे दीड लाख लोक उत्तरेच्या सैन्यात लढले. काही हजार दक्षिणेकडूनही लढले.

उत्तरेकडची त्यांची सर्वांत गाजलेली तुकडी म्हणजे आयरिश ब्रिगेड. तिचा सेनापती थॉमस फ्रान्सिस मेयर हा आयर्लंडच्या १८४८ च्या उठावातला बंडखोर. इंग्रजांनी त्याला आधी फाशीची आणि मग काळ्या पाण्याची शिक्षा दिली, तिथून तो पळून अमेरिकेत आला. १३ डिसेंबर १८६२ रोजी फ्रेडरिक्सबर्गला या ब्रिगेडचे सुमारे बाराशे लोक टेकडीवरच्या तोफाबंदुकांसमोर चालून गेले. पाचशेहून अधिक मेले किंवा जायबंदी झाले.

इथवर ही कथा आपल्याला जवळची वाटते. पुढचे आपण नीट वाचायला हवे.

१ जानेवारी १८६३ रोजी लिंकनने गुलाममुक्तीचा जाहीरनामा लागू केला. त्याच वर्षी सक्तीच्या भरतीचा कायदा आला. ३०० डॉलर भरले की भरतीतून सुटका, म्हणजे श्रीमंत घरी आणि गरीब रणात. चीड रास्त होती. पण ती फुटली कुणावर? १३ जुलैला न्यूयॉर्कमध्ये दंगल उसळली. दंगलखोरांत गरीब आयरिश मजूर मोठ्या संख्येने होते. त्यांनी काळ्या माणसांना रस्त्यात गाठून मारले, दिव्याच्या खांबांना टांगले, काळ्या अनाथ मुलांचे वसतिगृह जाळले. शंभराहून अधिक माणसे मेली. दंगल आवरायला उतरलेल्या पोलिसांतही बरेच आयरिश होते, हेही नोंदवले पाहिजे. पण ज्यांच्या दारावर काल 'अर्ज करू नये' लिहिले होते, त्यांतल्याच कित्येकांनी आज आपल्याहून खालच्याचे दार पेटवले. गुलाम सुटला तर आपली हमाली जाईल, अशी भीती त्यांच्या मनात पेरली गेली होती.

दंगल शमून दोन दिवस झाले नव्हते, तोच १८ जुलैला मॅसॅच्युसेट्सची ५४ वी पलटण फोर्ट वॅगनरच्या तटावर चढली. ही काळ्या सैनिकांची पलटण. फ्रेडरिक डग्लस यांनी तिच्यासाठी भरती केली होती, त्यांची दोन मुले तिच्यात होती. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर आणि काळ्याला १० डॉलर, त्यातूनही कपड्यांचे ३ कापायचे. या पलटणीने वर्षभराहून अधिक काळ पगारच घेतला नाही. लढलो, पण कमी माणूस म्हणून पैसे घेणार नाही, हा त्यांचा बाणा. डग्लस स्वतः लिंकनला भेटून याचा जाब विचारून आले. १८६४ मध्ये कायद्याने समान पगार मिळाला.

एकाच आठवड्यातल्या या दोन घटना. वर्दी दोघांकडेही होती. एका समाजातल्या पुष्कळांनी तिचा उपयोग वरच्या पायरीवर चढण्यासाठी केला, दुसऱ्याने पायऱ्याच मोडायला काढल्या. आयरिशांचा थोर नेता डॅनियल ओकॉनेल यांनी १८४२ मध्येच हजारो सह्यांचे आवाहन अमेरिकेतल्या देशबांधवांना पाठवले होते की गुलामगिरीविरुद्ध उभे राहा. बहुतेकांनी ते झिडकारले. आणि इकडे पुण्यात बसून जोतिराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना. आपण कुणाच्या वारशातले आहोत, हे जोतिरावांनी तेव्हाच ठरवून दिले.

आता आपल्याकडे या. इंग्रजी पलटणीने महारांना काय दिले? शाळा दिली आणि पेन्शन दिली. सुभेदार रामजी आंबेडकर लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. गोपाळबाबा वलंगकर पेन्शनवर आले आणि दापोलीत बसून 'विटाळ विध्वंसन' लिहिते झाले. गावकीच्या भाकरीवर जगणारा माणूस गावाविरुद्ध लिहू शकत नाही. पेन्शनवर जगणारा लिहू शकतो. आपल्या चळवळीची पहिली पिढी या पेन्शनवर उभी राहिली.

पण मान दिला का? १८९२ च्या सुमारास 'लढाऊ जाती'चे शास्त्र काढून इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. कोरेगावचा स्तंभ जागेवर, स्तंभावरच्या नावांचे नातू मात्र बाहेर. वलंगकरांनी अर्ज केले, १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्याकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडली. १९३० च्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी इंग्रजांना तोंडावर विचारले की लष्कराचे दार आम्हाला आज तरी उघडे आहे का? निष्ठेची पावती घेऊन दारात उभे राहिलेल्याला मालक ओळख देतोच असे नाही, हे त्यांनी पुरते ओळखले होते.

म्हणून १९२७ साल लक्षात ठेवा. १ जानेवारीला बाबासाहेब कोरेगावला गेले. २० मार्चला ते महाडच्या तळ्यावर होते. मधे अडीच महिने. पूर्वजांच्या शौर्याची आठवण त्यांनी पाण्याच्या हक्काला जोडली. पुढे ऑक्टोबर १९४१ मध्ये आपल्या शेजारच्या बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागेही बाबासाहेबांचा आग्रह होता. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. जुलै १९४२ मध्ये नागपुरात शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन उभे राहिले. एका हाताला बंदूक असेल तर दुसऱ्या हाताला संघटना हवी, हा त्याचा अर्थ.

आता त्या पोराला उत्तर. गड्या, पळ. जरूर पळ. तुझ्या पळण्याला आम्ही कमी लेखले असेल तर चूक आमची. पण २०२२ पासून अग्निपथ आहे. चार वर्षे नोकरी, त्यानंतर फार तर २५ टक्के आत, बाकीचे बाहेर, पेन्शनशिवाय. ज्या पेन्शनने वलंगकर घडवले तीच काढून घेतली आहे. चार वर्षांनी तू आजऱ्याच्या स्टँडवर उतरशील तेव्हा हातात काय असेल, याचा विचार आजच कर. म्हणून म्हणतो, वाच.

आणि दुसरे, जे जास्त अवघड आहे. न्यूयॉर्कची दंगल आपल्यात होऊ शकत नाही, असे समजू नको. बाबासाहेबांनी सांगितलेली चढत्या श्रेणीची विषमता आपल्या वस्तीतही आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मान्यता दिल्यापासून आपल्यातली कित्येक माणसे मातंग बांधवांबद्दल जी भाषा वापरतात ती आम्ही ऐकली आहे. उपवर्गीकरणावर तुझे मत काहीही असो. पण 'ते आपले खातील' हे वाक्य तोंडात आले की थांब. हेच वाक्य न्यूयॉर्कच्या हमालाच्या तोंडी होते. गोदीचा मालक तेव्हा घरी सुखरूप होता.

पुढच्या रविवारचा अभ्यासवर्ग आम्ही आपल्या विहारात घेणार नाही, मातंग वस्तीतल्या समाजमंदिरात घेणार आहोत. त्यांनी बोलायचे, आपण ऐकायचे. पळून झाले की तसाच ये, घामेजलेला असलास तरी चालेल.

जय भीम!