घर आणि यंत्र : पंधरा मिनिटांचें घड्याळ

गेल्या महिन्यांत आमच्या शेजारच्या वहिनी भर दुपारीं अगदीं रडकुंडीस येऊन दारांत उभ्या राहिल्या. त्या घरीं बसून एका हिशेबतपासनिसांच्या कचेरीचें काम करतात. घरच्या संगणकावरून रिमोट डेस्कटॉपनें कचेरीच्या सर्व्हरशीं जोडून घ्यावयाचें व तेथल्याच प्रोग्रॅममध्यें विवरणपत्रें भरावयाचीं, हा त्यांचा नित्यक्रम. त्या दिवशीं सासूबाईंस जेवूं घालून, औषध देऊन त्या अर्ध्या तासानें परत येतात, तों दोन तास खपून भरलेलें पत्रक नाहींसें! तो प्रोग्रॅम असा कीं, पत्रक पुरें झाल्यावांचून तें साठवितांच येत नाहीं. आठवड्यांतला हा तिसरा प्रसंग. "भाऊजी, आतां हें काम सोडावेंच म्हणतें," वहिनी म्हणाल्या. कचेरीचे तंत्रज्ञ मात्र ठासून सांगत होते, "एक तासाची मुदत दिली आहे, तुमच्याच घरचें इंटरनेट तुटत असेल."

दोष कोणाचा हें ठरविण्यापूर्वीं घडलें काय तें पाहावें. सेशन नुसतें तुटलें, कीं संपलें? दोहोंत जमीनअस्मानाचें अंतर आहे. तुटलेलें, म्हणजे डिस्कनेक्ट झालेलें सेशन सर्व्हरवर जिवंत असतें. उघडलेलें काम तसेंच राहतें व पुन्हां जोडतांच जेथल्या तेथें सांपडतें. लॉग ऑफ होऊन संपलेलें सेशन मात्र परत येत नाहीं, आणि न साठविलेलें सारें त्याबरोबर जातें. इंटरनेट तुटल्यानें सेशन तुटतें; संपविण्याचा हुकूम सर्व्हरचाच असावा लागतो.

विंडोज सर्व्हरवर यासाठीं निरनिराळीं घड्याळें लावतां येतात. एक रिकाम्या बसलेल्या सेशनचें, एक तुटून पडलेल्या सेशनचें, आणि एक चालू सेशनच्या एकंदर काळाचें. यांतील पहिलें फार फसवें. कळफलक व माऊस यांस हात लागला नाहीं कीं सर्व्हरच्या लेखीं मनुष्य रिकामा! समोरचीं कागदपत्रें तुम्हीं कितीही मन लावून वाचा, किंवा लांबलचक हिशेब यंत्राकडून करवून घेत बसा, तें सारें त्याच्या हिशेबीं आळसांतच जमा. मुदत भरण्यापूर्वीं दोन मिनिटें तो पडद्यावर सूचना देतो खरी. पण स्वयंपाकघरांतून ती दिसावी कशी?

तेव्हां तंत्रज्ञांस मीं वहिनींकरवीं दोनच गोष्टी विचारावयास लावल्या. पहिली, सर्व्हरच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्यें लोकल सेशन मॅनेजरच्या नोंदींत 40 क्रमांकाची नोंद काय म्हणते? तींत सेशन कां तुटलें याचा सांकेतिक अंक असतो. 3 असेल तर रिकाम्या वेळेची मुदत भरली. 4 असेल तर एकंदर काळाची. 5 असेल तर त्याच सेशनवर दुसरीकडून कोणी जोडून घेतलें. दुसरी गोष्ट, जीपीरिझल्ट ही आज्ञा चालवून त्या सर्व्हरवर प्रत्यक्ष कोणती पॉलिसी लागू आहे तें पाहिलें काय?

उत्तर दुसऱ्याच दिवशीं आलें. अंक 3 होता. एक तासाची मुदत तंत्रज्ञांनीं वहिनींच्या खात्याच्या सेशन्स या भागांत लिहिली होती, तें खोटें नव्हतें. परंतु ग्रुप पॉलिसीनें सर्व्हरवर पंधरा मिनिटांची मुदत कोणी पूर्वींच घालून ठेवली होती, आणि ग्रुप पॉलिसीपुढें खात्यांतल्या मुदतीचें कांहीं चालत नाहीं. ग्रुप पॉलिसींतही संगणकाला लावलेली व वापरणाऱ्याला लावलेली अशा दोन असल्या, तर संगणकाचीच खरी धरली जाते. त्यांत भर म्हणजे, मुदत भरतांच सेशन नुसतें न तोडतां संपवावें, ही निराळी पॉलिसीही चालू होती. वहिनींचीं तीन पत्रकें तिनेंच गिळलीं.

मुदत मुळींच नको, असें माझें म्हणणें नाहीं. उघडें टाकलेलें सेशन म्हणजे कडी न लावलेला दरवाजा, आणि तेथें तर परक्यांचे हिशेब असतात. शिवाय पडून राहिलेलीं सेशन्स सर्व्हरची मेमरी अडवून बसतात. पण त्यासाठीं रिकामें सेशन तोडलें म्हणजे पुरे. तें मारून टाकण्याची घाई कशाला? सुदैवानें कचेरीस हें पटलें. रिकाम्या सेशनला आतां एक तास मिळतो, मग तें नुसतें तुटतें, आणि तुटलेलें तीन तास जिवंत राहतें. बदल केल्यावर जीपीअपडेट चालवून, जुनें सेशन लॉग ऑफ करून नवें उघडून पाहण्यास मात्र मीं आवर्जून सांगितलें. जुन्यांतच बसून "कांहीं फरक पडला नाहीं" म्हणणारे पुष्कळ भेटतात.

वहिनींनीं काम सोडलेलें नाहीं. त्यांच्या इंटरनेटला लावलेला बोल तंत्रज्ञांनीं अद्याप परत घेतलेला नाहीं, हेंही येथें नमूद करतों.