दडवून वाचायचे पुस्तक

पुण्या-मुंबईच्या मोठ्या ग्रंथदालनांत इंग्रजी कादंबऱ्यांच्या मांडणीत अलीकडे एक निराळा प्रकार दिसू लागला आहे. दोन तरुणांची वा दोन तरुणींची प्रेमकथा, भडक रंगांचे मुखपृष्ठ आणि हमखास गोड शेवट. केसी मॅक्विस्टन यांच्या 'रेड, व्हाइट अँड रॉयल ब्लू' (२०१९) मध्ये अमेरिकेच्या महिला राष्ट्राध्यक्षांचा मुलगा आणि ब्रिटिश राजपुत्र प्रेमात पडतात. अ‍ॅलिस ओसमन यांची 'हार्टस्टॉपर' ही चित्रकथा तर शाळकरी मुलांचीच. दोन्हींची रूपांतरे पडद्यावर आली आणि घरोघरच्या मोबाइलपर्यंत पोहोचली. पाश्चात्त्यांचे खूळ म्हणून याकडे पाठ फिरवणे सोपे आहे. पण मग मराठीचे काय करायचे?

हा विषय मराठीत परदेशातून आलेला नाही. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ सालीच रंगमंचावर आले होते. २००६ मध्ये सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' मौज प्रकाशनाने काढली आणि मौजेची परंपरा जाणणारा वाचक तिच्यावर सवंगपणाचा आळ घेणार नाही. पुण्यातील जोशींचे घर. तेथे भाड्याने राहायला एक तरुण येतो. तनय आणि अनुजा ही सख्खी भावंडे, एकमेकांच्या नकळत, दोघेही त्याच्यात गुंततात. तो अनुजासह निघून जातो आणि पुढे तिलाही टाकून नाहीसा होतो. अनुजा परतते तेव्हा घर हादरते, संतापते, तिला सावरू पाहते. तनयचे दुःख मात्र कुणाच्या गावीही नसते. जखम एकाच माणसाने दिलेली, छप्परही एकच. पण एकीला औषधपाणी मिळते आणि दुसरी दिसतच नाही. या घरात कुणी खलपुरुष नाही. आईवडील चारचौघांसारखे, पापभीरू. म्हणूनच ही कादंबरी अस्वस्थ करते. (२०२२ च्या चित्रपटात कथानक कोचीला हलवले गेले आणि पुणेरी घराचा तो ओळखीचा दर्प निघून गेला.)

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी अशा विवाहांना मान्यता देण्यास नकार दिला. विवाह हा करार नसून संस्कार आहे, ही हिंदू समाजाची धारणा आहे आणि ती सोडण्याचे कारण नाही. परंतु जो हे मानतो, त्याने पुढचा प्रश्नही स्वतःला विचारला पाहिजे. मुलाचा कल ठाऊक असूनही 'लग्न झाले की सुधारेल' म्हणून दुसऱ्याच्या लेकीला अंधारात ठेवून बोहल्यावर चढवायचे, यात कोणता संस्कार राहिला? अग्नीच्या साक्षीने केलेली ती फसवणूकच नव्हे काय? त्या मुलीचे आयुष्य कोणत्या खात्यावर मांडायचे?

सरसंघचालक मोहन भागवत यांनी जानेवारी २०२३ मध्ये 'पाञ्चजन्य' आणि 'ऑर्गनायझर'ला दिलेल्या मुलाखतीत असे लोक समाजात पूर्वीपासून आहेत, त्यांनाही जगण्याचा अधिकार आहे, असे स्पष्ट सांगितले होते. दाखला दिला तो जरासंधाच्या हंस आणि डिंभक या सेनापतींचा. सभागृहात मान डोलावणारे घरी आल्यावर त्याच विषयावर गप्प बसतात, आणि मुले पुस्तक दडवून वाचतात.

मराठी साहित्याकडेही एक तक्रार आहे. इंग्रजी प्रेमकथांचा गोड शेवट साच्यातला, हे खरे. पण मराठीत तेंडुलकरांची मित्रा आत्मघात करते आणि तनय मूक राहतो. बिंदुमाधव खिरे यांची 'पार्टनर' किती वाचनालयांत आहे? (व. पुं.च्या 'पार्टनर'शी गल्लत नको.) मुलगा बोलतो, आई रडते, बाप दोन दिवस अबोला धरतो आणि तिसऱ्या दिवशी ताट वाढल्यावर त्याला हाक मारतो, अशी कादंबरी मराठी प्रकाशकांनी लेखकांकडे मागायला हवी. तोवर साताऱ्या-सांगलीच्या मुलाला समजून घेणारी आई भेटते ती कादंबरीतल्या व्हाइट हाउसमध्ये.