कुलूपबंद मोटार आणि दुरुस्तीचा हक्क

२२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले आणि मोटारींच्या सर्व सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के कर आला. तोपर्यंत यांपैकी अनेक भागांवर २८ टक्के कर होता. जुनी गाडी बाळगणाऱ्याला हा दिलासा आहे, यात शंका नाही. परंतु जुन्या गाडीच्या दुरुस्तीचा प्रश्न केवळ करदराचा नाही. पंधरा वर्षे वापरलेली आलिशान मोटार अंगणात उभी करून स्वतःच्या हाताने तिचे बॉनेट उघडणाऱ्यापुढे तीन प्रश्न असतात. भाग मिळेल काय, माहिती मिळेल काय आणि परवानगी मिळेल काय? पहिला प्रश्न बाजाराचा आहे आणि दुसरा शिक्षणाचा. तिसरा मात्र नवा आहे. स्वतःच्या मालकीच्या वस्तूबाबत तो उद्भवावा, हीच चिंतेची बाब होय.

श्रीमंतांच्या गाड्यांची चिंता शिक्षकांनी व कारकुनांनी कशाला वाहावी, अशी शंका साहजिक आहे. पण जुनी आलिशान गाडी बहुधा श्रीमंतांकडे उरतच नाही. अशा गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांतच झपाट्याने घसरते आणि दहा-बारा वर्षांनी ती नव्या लहान मोटारीच्या भावात, कधी त्याहूनही स्वस्त, विकली जाते. मग एखादा तरुण अभियंता किंवा लहान व्यापारी ती हौसेने घेतो. गाडीची किंमत घसरली तरी तिच्या सुट्या भागांची किंमत त्या प्रमाणात घसरत नाही, हे त्याला नंतर कळते. खरेदी मध्यमवर्गीयाच्या ऐपतीची आणि देखभाल मात्र कोट्यधीशाच्या ऐपतीची, अशी ही विषम गणिताची स्थिती आहे. घरच्या घरी दुरुस्ती करण्याचा खटाटोप या विषमतेतूनच जन्म घेतो.

अर्थशास्त्राला हा विषय परका नाही. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली लिहिलेल्या एका निबंधात जुन्या मोटारींच्याच बाजाराचे उदाहरण घेतले होते. विकणाऱ्याला गाडीचे दोष ठाऊक असतात आणि घेणाऱ्याला नसतात. त्यामुळे चांगल्या मालालाही योग्य भाव येत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. या विचाराबद्दल २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. हाच न्याय दुरुस्तीलाही लागू पडतो. कोणता भाग खरोखर बदलणे आवश्यक होते, हे गाडीमालकाला बिल भरल्यानंतरही कळत नाही. तेव्हा स्वतः पाना हाती घेणाऱ्याची खरी कमाई मजुरीतील बचत ही नसते. आपल्या वस्तूविषयीचे अज्ञान दूर होणे, ही ती कमाई होय.

१९९५ मध्ये मर्सिडीझची ई-क्लास मोटार पुण्यात जुळवली जाऊ लागली. त्या पिढीच्या गाड्यांची घडण प्रामुख्याने यांत्रिक होती. अर्थात त्याही निर्दोष नव्हत्या. १९९० नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या या जातीच्या काही पेट्रोल गाड्यांत इंजिनाजवळच्या वायरींचे आवरण उष्णतेने भुगा होऊन गळत असे. परंतु दोष डोळ्यांना दिसत होता आणि हातांना सापडत होता. रबरी बुश झिजतात, पाण्याचे पाइप ताठर होऊन तडकतात, इंजिनाचे माउंटिंग बसते. दुरुस्तीची पुस्तिका, चांगले पाने आणि चिकाटी यांच्या बळावर यांतील पुष्कळसे काम अंगणात होऊ शकत होते.

त्यानंतरच्या पिढीत परिस्थिती पालटली. बीएमडब्ल्यूच्या अनेक गाड्यांत नवी बॅटरी बसवल्यावर तिची नोंद गाडीच्या संगणकात करावी लागते. ती न केल्यास संगणक जुनी बॅटरी गृहीत धरूनच नवीला विद्युतभार पुरवत राहतो. ज्या गाड्यांचा हँडब्रेक विजेवर चालतो, त्यांतील बहुतेकांचे मागचे ब्रेक पॅड बदलण्यापूर्वी स्कॅनर जोडून ब्रेकची यंत्रणा सैल करून घ्यावी लागते. काही भाग तर त्या विशिष्ट गाडीशी सांकेतिक क्रमांकाने जोडले जातात. दुसऱ्या गाडीतून काढलेला चांगला भाग बसतो, पण चालत नाही. स्कॅनर आणि त्यातील आज्ञावली उत्पादकाच्या ताब्यात राहिली, की गाडी विकल्यानंतरही गाडीची किल्ली त्याच्याच हाती राहते. खरेदीच्या वेळी ग्राहकाला दहा कंपन्यांतून निवड करता येते. दुरुस्तीच्या वेळी तो एकाच कंपनीचा बंदिवान असतो.

ही मक्तेदारी इतर देशांनी निमूटपणे स्वीकारलेली नाही. उत्पादकाचेच भाग वापरले नाहीत तर हमी रद्द, अशी अट लादण्यास अमेरिकेने १९७५ च्या कायद्याने प्रतिबंध केला. मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये मोटारदुरुस्तीच्या हक्काचा कायदा झाला आणि मतदारांनीही त्याच वर्षी प्रचंड बहुमताने कौल दिला. जानेवारी २०१४ मध्ये उत्पादक व स्वतंत्र गॅरेजे यांच्या संघटनांत करार होऊन तेच तत्त्व देशभर मान्य झाले. पुढे मोटारी बिनतारी मार्गाने थेट कंपनीला माहिती पाठवू लागल्या, तेव्हा २०२० मध्ये त्याच राज्याच्या मतदारांनी तीही माहिती खुली करण्याच्या बाजूने मत दिले.

भारतातही हा प्रश्न ऐरणीवर आला होता. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने खुल्या बाजारात न देऊन या कंपन्या स्वतंत्र गॅरेजांची कोंडी करतात, असा आयोगाचा निष्कर्ष होता. कंपन्या अपिलात गेल्या आणि प्रकरण वर्षानुवर्षे रेंगाळले. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा आखण्यासाठी समिती नेमली आणि डिसेंबरमध्ये माहितीचे एक संकेतस्थळही सुरू केले. त्यात मोटारींचा समावेश आहे, ही समाधानाची गोष्ट. परंतु संकेतस्थळ म्हणजे हक्क नव्हे. कंपनी स्वखुशीने जे सांगेल ते वाचण्याची सोय आणि जे सांगितलेच पाहिजे ते मागण्याचा अधिकार, यांत फार मोठे अंतर आहे.

उत्पादकांचा प्रतिवाद अगदीच पोकळ आहे असे नाही. एअरबॅग, ब्रेक किंवा हायब्रीड गाडीतील उच्च दाबाची विद्युतयंत्रणा ही नवशिक्याने हाताळण्याची ठिकाणे नव्हेत. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली शिरणे हेसुद्धा जिवावर बेतते. बिनतारी माहिती खुली केल्यास चोरांना वाट मिळेल, हाही आक्षेप आहे. याच भीतीपोटी जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय वाहनसुरक्षा यंत्रणेने उत्पादकांना मॅसॅच्युसेट्सचा नवा कायदा पाळू नका, असे कळवले. पण जवळच्या अंतरावरूनच माहिती देण्याची पद्धत चालू शकेल, असे सांगून ऑगस्टमध्ये तिने आपली भूमिका सौम्य केली. म्हणजे सुरक्षितता आणि हक्क यांचा मेळ बसू शकतो. शिवाय, माहिती दडवल्याने दुरुस्ती थांबत नाही. ती अंधारात, चाचपडत होते, आणि तोच खरा धोका होय.

आता मूळ शंकेकडे वळू. आलिशान गाडीत जे आज दिसते, ते पंधरा-वीस वर्षांनी सामान्यांच्या वाहनात उतरते. चेतक स्कूटरचा प्लग काढून घासून साफ करणारे हात या वाचकवर्गातच पुष्कळ आहेत. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे ‘भारत सहा’ मानक लागू झाल्यावर दुचाकीतील कार्बोरेटर जाऊन संगणकनियंत्रित इंधनपुरवठा आला. हवेच्या दृष्टीने हे इष्टच झाले. पण दोष शोधायला स्कॅनर लागू लागला. आज चेतक हे नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरला आहे आणि तिच्यात साफ करायला प्लगच नाही. शेतकऱ्याचीही सुटका नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने दुरुस्तीची साधने अडवून ठेवल्याच्या आरोपावरून जॉन डीअर या ट्रॅक्टर कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. या कंपनीचा एक कारखाना पुण्याजवळ सणसवाडीलाही आहे. पुण्याच्या नाना पेठेतील सुट्या भागांची दुकाने आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातील कारागीर ज्या ज्ञानावर जगतात, ते ज्ञानच कुलूपबंद झाले तर उद्या त्यांनी काय करावे?

म्हणून करसवलतीवर समाधान मानून चालणार नाही. दुरुस्तीच्या पुस्तिका व दोष शोधण्याची साधने वाजवी दरात कोणालाही मिळावीत, गाडीचे उत्पादन थांबल्यावरही ठरावीक वर्षे सुटे भाग पुरवण्याचे बंधन असावे आणि चांगल्या जुन्या भागाला सांकेतिक क्रमांकाची आडकाठी नसावी, एवढे तरी कायद्याने स्पष्ट केले पाहिजे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांच्या हातीही हीच साधने आली पाहिजेत. जी वस्तू उघडून पाहण्याची मुभा मालकाला नाही, ती पूर्ण किंमत मोजूनही भाड्याचीच राहते. आलिशान गाडीच्या मालकाला हा अनुभव आज येत आहे. स्कूटरवाल्याला तो येण्याआधी कायदा व्हायला हवा.