दहा वर्षांचा पाठपुरावा

हृदयाच्या रक्तवाहिन्या अवरुद्ध झाल्या आहेत आणि रक्त पुढे लोटण्याची त्याची शक्तीही ३५ टक्के किंवा त्याहून खाली उतरली आहे, अशा रुग्णावर बायपास शस्त्रक्रिया करावी की त्याला केवळ औषधांवर ठेवावे, या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी २२ देशांतील १,२१२ रुग्णांवर जी 'स्टिच' नामक चाचणी झाली, तिचा इतिहास मननीय आहे. २०११ साली, पाच वर्षांहून किंचित कमी काळाच्या निरीक्षणानंतर, तिचा पहिला निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तेव्हा एकूण मृत्यूंच्या प्रमाणात निःसंदिग्ध फरक आढळला नाही. उलट पहिल्या महिन्यात शस्त्रक्रियेच्या बाजूलाच जीविताचा धोका अधिक दिसला. तेथेच दप्तर बंद झाले असते, तर अनेक रुग्ण एका उपयुक्त उपचाराला मुकले असते. परंतु संशोधकांनी पाठपुरावा सोडला नाही, आणि २०१६ साली, सुमारे दहा वर्षांच्या अंती, केवळ औषधे घेणाऱ्यांत ६६.१ टक्के, तर औषधांच्या जोडीला शस्त्रक्रिया झालेल्यांत ५८.९ टक्के मृत्यू नोंदले गेले. शंभरांमागे सात जीव, हा फरक आम्ही अल्प मानत नाही; मात्र दोन्ही आकडे किती दारुण आहेत, हेही रुग्णाला स्वच्छपणे सांगितले पाहिजे. महाराष्ट्रात महात्मा फुले जनआरोग्य योजनेखाली सरकारी खर्चाने बायपास होते. त्यातील प्रत्येक रुग्णाची खबरबात दहा वर्षे घेण्याची तजवीज आरोग्य खात्याने करावी, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.