दाखला नाही म्हणून प्रवेश नाही?



‘हजेरी नाही, दाखला नाही, त्यांची नावे पटावर कशाला?’ हे गेल्या आठवड्यातील पत्र वाचून वाईट वाटले. पत्रलेखकांनी दोन वेगळे नियम एकत्र कालवले आहेत. ७५ टक्के उपस्थितीची अट राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या नियमित विद्यार्थ्यांसाठी आहे. ती जरूर पाळावी. खासगी क्लासपायी ओस पडणारे वर्ग मलाही खुपतात. पण सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा प्रवेश २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ठरतो. शाळा सोडल्याच्या दाखल्याला उशीर झाला किंवा वयाचा पुरावा नसला, तरी प्रवेश नाकारता येत नाही. वर्गही वयानुरूप द्यावा लागतो.

आपल्याकडे हा प्रश्न विघ्नहर आणि भीमाशंकर साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला की दारात येतो. ऊसतोडीला आलेले आईबाप पहाटे कोयते घेऊन फडात जातात. आठ-नऊ वर्षांची मुलगी कोपीत, म्हणजे त्यांच्या झोपडीत, धाकट्याला सांभाळते, दुपारी उसाच्या वाढ्याच्या पेंढ्या बांधते. गावाकडच्या शाळेत तिची गैरहजेरी लागते, इथल्या पटावर तिचे नावच नसते. हे तिचे बेशिस्त वागणे कसे? शिवाय त्याच उसात बिबट्या असतो, त्यामुळे दिवसभर शाळेच्या भिंतीआड असणे ही तिच्या जिवाचीही गरज आहे.

स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची सोय आहे. मुकादमाची टोळी उतरताच जवळच्या शाळेने कोपीवर जाऊन ती कार्डे मागावीत. नसतील तर मुलांना आधी वर्गात बसवावे आणि कागद नंतर मागवावेत.

– एक निवृत्त शिक्षक, मंचर