नदीचेही वेळापत्रक हवे

परीक्षा संपल्या की मध्यमवर्गीय घरांत सहलींचे बेत सुरू होतात. महाबळेश्वरची एस.टी. किती वाजता सुटते, माथेरानला दोन दिवस राहण्यास काय खर्च येतो, कोकणात जाणाऱ्या गाडीचे आरक्षण कधी उघडते, हे घरातील शाळकरी मुलालाही सांगता येते. परंतु आपल्याच गावावरून वाहणाऱ्या नदीला येत्या रविवारी पाणी असेल काय, असल्यास ते अंगावर घेण्याजोगे असेल काय, आणि आपण पात्रात असताना ते अकस्मात वाढणार तर नाही ना, असे तीन प्रश्न विचारले तर सारे घर निरुत्तर होते. नदीवर होडी वल्हवीत, पाण्यावर तरंगत उन्हाळ्याचा एक दिवस घालवावा, ही इच्छा काही चैनीची म्हणता येणार नाही. तरीही अशा दिवसाची आखणी करणे सामान्य माणसाला आज जवळजवळ अशक्य झाले आहे. यामागचे कारण पाण्याच्या टंचाईत जितके आहे, तितकेच माहितीच्या टंचाईत आहे.

नदीत उतरणे ही आपल्याकडे परदेशातून आलेली हौस नव्हे. पाठीला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचा बिंडा बांधून नदीत ढकलले गेलेले आणि चार दिवसांत पोहायला शिकलेले लोक आजही गावोगाव भेटतात. कृष्णाकाठी गुळाची काहील होडीसारखी वापरून पैलतीर गाठला जात असे. सांगलीला होड्यांच्या शर्यती पाहण्यासाठी घाटावर गर्दी लोटते. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब कित्येक दशकांपासून नदीवर उभा आहे. असे असूनही, तळेगाव रोही या नाशिक जिल्ह्यातील दुष्काळी गावाचा दत्तू भोकनळ २०१६ साली रिओच्या ऑलिम्पिकमध्ये एकेरी नौकानयनात उतरला, तेव्हा त्याने वल्हे प्रथम हाती धरले होते ते सैन्यात भरती झाल्यावर, हे लक्षात घेण्याजोगे आहे. एवढ्या नद्यांच्या या राज्यात पाण्याशी ओळख करून देणारी सार्वजनिक व्यवस्था आपण उभी केली नाही. जी परंपरेने होती, ती मात्र मोडू दिली.

उन्हाळ्यात नदी वाहते ती कोणाच्या हुकमाने, हे आधी समजून घेतले पाहिजे. एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्रातील बहुतेक नद्यांना निसर्गाचे म्हणावे असे पाणी फारसे उरत नाही. जे दिसते ते धरणातून सोडलेले असते. कोयनेचा विसर्ग कमी झाला की सांगलीला कृष्णेचे पात्र उघडे पडते. उजनीतून सोलापूरसाठी पाणी सोडले की भीमा दुथडी नव्हे, पण निदान वाहती होते. शेतीची उन्हाळी आवर्तने कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतात. म्हणजे पूर्वी पंचांग पाहून नदीचा अंदाज बांधता येत असे, त्याऐवजी आता कचेरीतील कागद पाहावा लागतो. नदी सरकारी वेळापत्रकाने चालू लागली आहे. फक्त ते वेळापत्रक प्रवाशांना दाखविण्याची पद्धत पडलेली नाही.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे रायगड जिल्ह्यातील कुंडलिका. कोकणातील इतर लहान नद्या वैशाखात खडकांच्या रांगा होऊन पडलेल्या असताना कोलाडजवळ कुंडलिका मात्र फेसाळत वाहते आणि तिच्या उतारावर रबरी तराफ्यांतून शेकडो लोक जलप्रवास करतात. हे पाणी मूळचे कुंडलिकेचे नाही. घाटमाथ्यावर मुळशीच्या धरणात अडविलेले मुळा नदीचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने आणि पुढे नळांतून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजगृहात येते. जे पाणी भीमेला, कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जायचे, ते वीज निर्माण करून अरबी समुद्राची वाट धरते. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या शेतकऱ्यांनी ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तेच हे धरण. भिऱ्याचे वीजगृह १९२७ साली सुरू झाले आणि मावळातील जमिनी पाण्याखाली गेल्या त्या गेल्याच. तराफ्यात बसून आनंदाने आरडाओरडा करणाऱ्या तरुणाने हा इतिहास जाणून घेतला तर त्याच्या आनंदात उणेपणा येणार नाही; उलट पायाखालचे पाणी कोणी, कोणत्या किमतीला दिले हे त्याला कळेल.

कुंडलिकेवर गोष्ट सुरळीत चालते याचे कारण तेथे पाण्याची वेळ लोकांना ठाऊक असते. वीजनिर्मितीनंतरचे पाणी साधारणतः सकाळी येते, नदी भरते, तासा-दोन तासांचा प्रवास होतो आणि नंतर पाणी ओसरते. संयोजक, आसपासच्या गावांतील वाटाडे तरुण आणि भोजनाची सोय करणारी घरे या सर्वांचा दिवस या एका वेळेवर बेतलेला असतो. एका वेळापत्रकाने एका खोऱ्याला रोजगार दिला. मात्र ही माहितीदेखील संयोजकामार्फत मिळते. पैसे न देता काठावर भांडी घासणाऱ्या बाईला किंवा डोहात डुंबणाऱ्या मुलांना ती मिळण्याची खात्रीशीर सोय असली पाहिजे. पाणी त्यांच्यासाठीही त्याच वेळी वाढते.

वेळ न कळण्याची किंमत काय असते, हे देशाने पाहिले आहे. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी लारजी प्रकल्पातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. ते उतरले तेव्हा नदी उथळ होती. काही मिनिटांत ती बदलली. पाणी सोडणाऱ्याला वेळ माहीत होती. पाण्यात उभे असणाऱ्याला नव्हती. या दोन माणसांमधील अंतर हेच त्या मृत्यूंचे कारण होय.

दुसरा प्रश्न पाण्याच्या शुद्धतेचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या अहवालात देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी ५३ महाराष्ट्रात होते. २०२२ च्या अहवालात देशाचा आकडा ३११ वर उतरला, पण महाराष्ट्राचा ५५ वर चढला. दोन्ही वेळा या यादीत आपले राज्य पहिले होते. स्नानयोग्य पाण्याचे निकष ठरलेले आहेत. जैविक प्राणवायूची मागणी लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी, विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम असावा, आणि मैलाजन्य जंतूंची संख्या १०० मिलिलिटरला ५०० च्या आत असणे इष्ट, २५०० च्या वर तर मुळीच नसावी. राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ ठिकठिकाणचे नमुने तपासते आणि आकडे प्रसिद्धही करते. परंतु ते आकडे ज्या भाषेत आणि ज्या जागी असतात, तेथे घाटावर टॉवेल खांद्यावर टाकून उभा असलेला माणूस पोहोचत नाही. पॅरिसमध्ये १९२३ पासून सीन नदीत पोहण्यास बंदी होती. १०२ वर्षांनी, जुलै २०२५ मध्ये, तीन ठिकाणी नदी लोकांना खुली झाली आणि त्या दिवशीचे पाणी कसे आहे हे सांगणारे हिरवे, पिवळे, लाल निशाण तेथे लागू लागले. निकषांचे भाषांतर एका फडक्यात करता येते, हे त्यांनी दाखविले.

आपल्याकडे मात्र या दोन्ही प्रश्नांवर एकच ठराविक उत्तर दिले जाते: "येथे पोहण्यास सक्त मनाई आहे." दुर्घटना घडली की चार दिवसांत फलक लागतो आणि प्रशासनाचे कर्तव्य संपते. पण २०२२ या एका वर्षात देशात ३८ हजारांहून अधिक लोक बुडून मरण पावले, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल सांगतो. मनाईने माणसे वाचत असती तर हा आकडा असा राहिला नसता. मनाईचा फलक नदी धोक्याची आहे एवढेच सांगतो. धोका कोठे आहे, कधी आहे, कोणता आहे, हे सांगत नाही. शिवाय सर्वत्र लावलेला फलक शेवटी कोणीच वाचत नाही. अधिक वाईट असे की ज्या नदीत कोणी उतरतच नाही, ती घाण झाल्याची तक्रार करणाराही उरत नाही. नदीत नियमित उतरणारा माणूस हा तिचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दक्ष निरीक्षक असतो.

म्हणून नदीवर जावे. पण आखणी करून जावे. सकाळचा वेळ निवडावा, कारण मे महिन्यात दुपार कलल्यावर वळवाचे वारे केव्हा उठतील याचा नेम नसतो. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्याने उलटली आणि ६ जण बुडाले, हे विसरता येणार नाही. वरच्या धरणातून किंवा बंधाऱ्यातून पाणी केव्हा सुटणार हे पाटबंधारे कार्यालयात विचारून घ्यावे. उत्तर मिळाले नाही तर जाऊ नये. होडीत जितकी माणसे तितकी जीवरक्षक जाकिटे असावीत, आणि ती पायाशी नव्हे, अंगावर असावीत. ट्रकच्या चाकाची ट्यूब हातातून निसटली की निसटली. तिच्या भरवशावर न पोहणाऱ्याला खोल पाण्यात नेऊ नये. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून पाणी पडत असेल तर त्याच्या पायथ्याशी मुळीच जाऊ नये. दिसायला ते पाणी कमरेएवढे असते, पण तेथील उलटा भोवरा पट्टीच्या पोहणाऱ्यालाही पुन्हा पुन्हा खाली ओढतो. वाळूउपशाने जेथे खड्डे पडले आहेत, तेथे काठावरच्या माहितगार कोळ्या-भोयांना विचारल्याखेरीज पाऊल टाकू नये. प्रवाहात पडलेच तर उताणे होऊन पाय पुढे, प्रवाहाच्या दिशेने ठेवावेत आणि हळूहळू काठाकडे सरकावे. कोणी बुडू लागले तर दोर, घागर, रिकामा डबा, जे हाती येईल ते फेकावे. पोहता न येणाऱ्याने उडी मारली की वाचवायची माणसे दोन होतात. आणि परतण्याची वेळ घरी सांगून निघावे. यांतले काहीही खर्चाचे नाही.

परंतु नागरिकाने एवढे केल्यावर शासनाने काय करावयाचे? येथे दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की मराठवाड्यात टँकरच्या रांगा लागत असताना नौकाविहाराची भाषा शोभत नाही. हा आक्षेप भावनेला धरून आहे, पण मुद्द्याला धरून नाही. येथे मौजेसाठी पाण्याचा एकही थेंब जादा सोडावा असे म्हटलेले नाही. पिण्यासाठी, शेतीसाठी, विजेसाठी जे पाणी सुटणारच आहे, त्याची वेळ सांगावी, एवढेच मागणे आहे. ही वेळ कळली तर मौज करणाऱ्यापेक्षा पात्रातून मोटार काढावयास गेलेल्या शेतकऱ्याचा आणि जनावरे धुणाऱ्या मुलाचा जीव आधी वाचेल. दुसरा आक्षेप असा की माहिती दिली तर लोक पाण्यात उतरण्यास प्रोत्साहित होतील. लोक उतरतच आहेत. ते अज्ञानाने उतरावेत की जाणतेपणाने, एवढाच प्रश्न आहे.

तेव्हा मागणी साधी आहे. नदीकाठच्या प्रत्येक मोठ्या घाटावर एक काळा फळा असावा आणि त्यावर रोज सकाळी तीन ओळी लिहिल्या जाव्यात: आज पाणी किती वाजता सुटणार आणि किती वाढणार, शेवटच्या तपासणीत, अमुक तारखेला, पाणी स्नानयोग्य होते की नव्हते, आणि अडचण आल्यास कोणाला हाक मारावी. पहिली ओळ जलसंपदा विभागाकडे आहे, दुसरी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे. तिसऱ्या ओळीसाठी नगरपालिकेने किंवा ग्रामपंचायतीने उन्हाळ्यापुरते दोन स्थानिक पोहणारे जीवरक्षक म्हणून नेमावेत. जी जमात पिढ्यान् पिढ्या बुडालेल्यांना विनामूल्य बाहेर काढीत आली, तिला या कामाचे वेतन मिळाले तर तो उपकार नव्हे, थकबाकीची फेड ठरेल. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आपल्या चौथ्या कलमात सांगतो की सार्वजनिक प्राधिकरणांनी माहिती कोणी मागण्याची वाट न पाहता आपणहून प्रसिद्ध करावी. घाटावरचा फळा हे त्या कलमाचे सर्वांत स्वस्त पालन होय.

शिक्षकांनीही यात वाटा उचलण्याजोगा आहे. शाळेच्या भूगोलात नदीचा उगम आणि संगम पाठ करून घेतला जातो. त्याच वर्गाने एकदा जाणकारांसह नदीकाठी जाऊन फळ्यावरच्या, किंवा फळा नसल्यास पाटबंधारे कार्यालयातून मिळविलेल्या, आकड्यांशी पाण्याची पातळी ताडून पाहिली तर तो धडा आयुष्यभर टिकेल. आणि फळा नाही, कार्यालयाने आकडे दिले नाहीत, असा अनुभव आला तर अर्ज कसा लिहावा, हाही एक धडाच आहे. एस.टी. स्थानकावर वेळापत्रक नसेल तर प्रवासी नियंत्रकाच्या खिडकीशी जाऊन जाब विचारतात. नदीच्या घाटावर तोच जाब विचारण्याची सवय आपल्याला लावून घ्यावी लागेल. कारण तेथे चुकते ती नुसती गाडी नव्हे.